चौथ्या लेनमधली फुली

तलावावरची पोरं त्यांना पायवाल्या काकू म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि काकूंना त्याचं काही वाटत नाही, कारण खोटं काय आहे त्यात? आठवडाभर काकू आपल्या दुकानात लोकांच्या पायाशी बसलेल्या असतात. पँटची लांबी कमी करून देणं, उसवलेलं शिवून देणं, हा त्यांचा धंदा. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप, हातात खडू. गिऱ्हाईक वरून जगाच्या गोष्टी सांगत असतं आणि काकू खालून नुसत्या "हं, हलू नका" म्हणत असतात. सुट्टीच्या दिवशी कुठे पोहण्याची स्पर्धा असली की पांढरा शर्ट घालून तलावावर जातात आणि तिथेही पायच बघतात. त्यांचा नवरा म्हणतो, "हिनं माझे बूट बघून होकार दिला. तोंड नंतर पाहिलं. तोवर उशीर झाला होता!"

काकू रिलेच्या पंच आहेत. रिले म्हणजे चौघींची शर्यत, हे तुम्हाला माहीत असेलच. एक पोहत येते, भिंतीला हात लावते, आणि वर ठोकळ्यावर उभी असलेली दुसरी उडी टाकते. दुसरीनं आधीपासून वाकावं, हात फिरवावेत, झोकून द्यायच्या तयारीत राहावं, सगळं चालतं. चालत नाही एकच गोष्ट. खालच्या पोरीचा हात भिंतीला लागायच्या आत वरच्या पोरीचा पाय ठोकळ्यावरून सुटता कामा नये. बोटाचं टोक तरी टेकलेलं हवं. श्रीमंत तलावांवर हे सांगायला यंत्र असतं म्हणे. इथे काकू असतात.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड आहे, डोळे असले की झालं. तसं नाही हो. नवा पंच हमखास एकच चूक करतो. तो पाण्यातून येणाऱ्या पोरीच्या हाताकडे बघत बसतो. हात लागला की मग मान वर करतो, आणि वर बघतो तर पोरगी केव्हाच हवेत. ती आधी सुटली की नंतर, देव जाणे! म्हणून बघायचं ते पायांकडे. ठोकळ्यावर चिकटलेल्या बोटांवर नजर खिळवून ठेवायची, खाली कितीही पाणी उसळो. बोटं सुटली रे सुटली की नजर टपकन खाली भिंतीवर टाकायची. हात तिथे असला तर ठीक. हात अजून यायचा असला तर पोरगी आधी सुटली. काकू नव्या पंचांना हे शिकवायच्या तेव्हा त्यांचे खांदे धरून हलवायच्या. "पाय आधी, हात मग. पाय आधी, हात मग. घरी भाजी चिरतानाही म्हणत राहा!"

आणि दुसरा नियम त्याहून मोठा. एका माणसाच्या सांगण्यावर कुणाला बाद करायचं नाही. प्रत्येक ठोकळ्याजवळ एक पंच उभा असतो आणि तलावाच्या कडेला, आडव्या बाजूनं बघणारा दुसरा. दोघांच्या हातात आपापला कागद. उडी बरोबर असली तर गोल, आधी सुटली तर फुली. दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, दुसऱ्याच्या कागदाकडे बघायचंही नाही. दोघांच्या फुल्या जुळल्या तरच संघ बाद. दोन माणसं ठेवायची ती याचसाठी, की एकाचा डोळा चुकला तर दुसऱ्याचा सांभाळून घेईल. आणि पाहिलंच नाही, तर? तर गोल. शिंक आली, पाणी उडालं, माशी बसली, काहीही झालं असो. पाहिलं नाही म्हणजे गोल. शंकेचा फायदा पोहणाऱ्याला. काकू हे असं ठासून सांगायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, यांनी जन्मात कधी कुणाला चुकीची फुली मारली नसेल.

त्या शनिवारपर्यंत नव्हतीच मारली.

त्या शनिवारी मुलींच्या शेवटच्या गटाची रिले होती. पहिले तीन संघ मोठ्या स्पर्धेला जाणार होते, आणि या पोरींचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी त्या वयाबाहेर. पाचव्या लेनमध्ये काकूंच्या धाकट्या बहिणीची मुलगी होती, चिमी. चिमीला पाण्यात पहिल्यांदा काकूंनीच उतरवलं होतं, पोटाखाली हात धरून. काकूंनी आदल्या दिवशीच मुख्य पंचबाईंना सांगून ठेवलं, "माझी भाची आहे त्यात. मला त्या लेनवर ठेवू नका."

पंचबाई खडूस, पण विनोदी. "मावशीच आहात ना, आई नाही ना? बरं, चौथ्यावर उभ्या राहा. पाचव्यावर दुसरं कुणी देते."

आता बघा, नियमानं झालं. कुणी बोट ठेवावं असं काही नव्हतं. पण चौथा ठोकळा आणि पाचवा ठोकळा यांच्यात अंतर ते किती? हात लांबवला तर चिमीच्या टोपीला लागेल एवढं.

चौथ्या लेनमध्ये गावाबाहेरच्या जुन्या तलावाचा संघ होता. त्यांच्यात शेवटी पोहणारी पोरगी अंगानं एवढीशी, तिला सगळे बिट्टी म्हणायचे. काकू तिला पायांवरून ओळखायच्या. दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब, आणि उडीच्या आधी दहाही बोटांनी ठोकळा असा आवळायची की नखं पांढरी पडायची.

पहिल्या दोन बदल्या स्वच्छ झाल्या. काकूंनी दोन गोल काढले. शेवटची बदली आली तेव्हा चौथी आणि पाचवी लेन बरोबरीनं येत होती, पाचवी किंचित पुढे. काकूंनी नजर बिट्टीच्या बोटांवर खिळवली. पाय आधी, हात मग. आणि तेवढ्यात शेजारून चिमीचा आवाज आला. "चल, चल, चल!" असं ती आपल्या मैत्रिणीला ओरडत होती. किरटा, रडका आवाज. लहानपणी ताप आला की असाच निघायचा.

काकूंची मान वळली.

मुद्दाम नाही हो वळवली! हाक मारली की मान वळते तशी वळली. चिमीनं उडी टाकली ती त्यांनी पाहिली, पूर्ण पाहिली, छान सरळ गेली पोरगी. आणि भानावर येऊन मान फिरवली तेव्हा चौथा ठोकळा रिकामा होता. बिट्टी पाण्यात शिरत होती. खाली भिंतीला हात होता. तो आधी लागला होता की नंतर, हे सांगायला काकूंकडे काहीच नव्हतं. कोरी पाटी.

पाहिलं नाही म्हणजे गोल. पेन कागदावर टेकलं सुद्धा. आणि त्याच वेळी त्यांची नजर समोरच्या कडेला गेली.

तिथे मास्तर उभे होते. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, काकूंबरोबर कित्येक वर्षं पंच असलेले, शांत गृहस्थ. मास्तरांचा कागद दिसत नव्हता, पण कोपर दिसत होतं. आणि गोल काढताना कोपर वळतं, फुली मारताना दोन झटके देतं, एक असा आणि एक तसा. हे तिथे उभ्या राहणाऱ्या कुणालाही कळतं, फक्त कुणी बघायचं नसतं. मास्तरांच्या कोपरानं दोन झटके दिले.

म्हणजे मास्तरांनी पाहिलं, काकूंना वाटलं. म्हणजे सुटली पोरगी आधी. मास्तर उगीच फुली मारणारे नव्हेत. आणि काकूंनी फुली मारली.

बिट्टीनं पाण्यात चिमीला मागे टाकलं, हाताच्या अंतरानं. जुना तलाव तिसरा, चिमीचा संघ चौथा. जुन्या तलावाच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून नाचत होत्या, बिट्टी मध्ये चेंगरली होती. मग कागद जमा झाले, मुख्य पंचबाईंनी दोन कागद शेजारी धरले, आणि शिट्टी वाजली. चौथी लेन बाद.

जुन्या तलावाचा कोच धावत आला. भला माणूस, पण आवाज ढोलासारखा. "माझी पोरगी कधी आधी सुटत नाही! उलट उशिरा सुटते म्हणून मी तिला ओरडतो!" पंचबाईंनी त्याला थांबवलं आणि नियमाप्रमाणे दोघा पंचांना वेगवेगळं बोलावून विचारलं. काकूंना विचारलं ते पायऱ्यांखालच्या खोलीत, जिथे दोर आणि टॉवेल ठेवतात.

"तुम्ही स्वतः पाहिलंत ना?"

बघा, इथेही सुटका होती. "नाही, माझी मान वळली" एवढं म्हणायचं होतं. एक वाक्य. पण पंचबाईंच्या मागे भिंतीवर पंचांचे फोटो लावलेले, त्यात काकूंचाही. आणि बाहेर चिमीच्या संघाला कळलं होतं, त्यांची किंचाळी आत ऐकू येत होती.

"हो," काकू म्हणाल्या. "पाहिलं."

"मास्तरही तेच म्हणताहेत. संपलं मग."

खाई त्याला खवखवे म्हणतात. काकूंनी तर अजून नीट खाल्लंही नव्हतं. संध्याकाळी बहिणीच्या घरी जेवायला बोलावलं होतं, कारण चिमी आता मोठ्या स्पर्धेला जाणार! टेबलावर चांगल्या बशा काढलेल्या. चिमी बोलता बोलता खुर्चीतून उठून उडी मारून दाखवत होती. बहीण म्हणाली, "ताई, तू होतीस म्हणून. तुझा आशीर्वाद म्हण, काही म्हण."

काकूंनी पटकन विचारलं, "मी काय केलं?"

"अगं, पाण्याची भीती कुणी घालवली तिची? तू!" बहीण हसली. "तुला काय वाटलं?"

चोराच्या मनात चांदणं! काकू पाणी प्यायल्या.

"मावशी, बिट्टी किती आधी सुटली गं?" चिमीनं विचारलं. "आमच्यात सगळे विचारताहेत. एवढी? की एवढी?" ती दोन बोटं जवळ आणून दाखवत होती. नीट उत्तर हवं होतं तिला, मावशीच्या विद्येचा अभिमान होता पोरीला.

काकूंनी तिच्या बोटांकडे पाहिलं. आणि म्हणाल्या, "थोडीशी."

झालं. एक खोटं दुसऱ्याला हात धरून घेऊन आलं. आणि ते "थोडीशी" तोंडातून बाहेर पडताना काकूंना स्वतःबद्दल एक गोष्ट कळली, जी त्यांना कळायला नको होती. फुली मारली तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं. अगदी क्षणभर, पण वाटलं होतं. मास्तरांचं कोपर हे निमित्त. पाचव्या लेनमध्ये दुसऱ्या कुणाची पोर असती तर त्या कोपराकडे बघितलं असतं का आपण? बघितलं तरी त्याच्यामागे गेलो असतो का? निमूट गोल काढून मोकळे झालो असतो. आपल्या माणसासाठी मान वळली, ते एक वेळ समजू शकतं. पण हात? हात तर कुणी वळवला नव्हता.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "काय झालं? बूट न काढताच बसलीस?"

"एका पोरीचं वाटोळं केलं मी."

त्यानं सगळं ऐकून घेतलं. नेहमीसारखी चेष्टा केली नाही. मग म्हणाला, "पण मास्तरांनी पाहिलंय ना? मग ती सुटलीच असणार. तू चुकीच्या वाटेनं गेलीस, पण बरोबर घरी पोचलीस."

काकूंनाही रात्रभर हेच म्हणायचं होतं. म्हणूनही पाहिलं. मास्तरांनी पाहिलंय. मास्तरांनी पाहिलंय. पण दोघांनी पाहावं असा नियम आहे. एकट्याची फुली म्हणजे काही नाही. दोन कुलुपांचं दार होतं, आणि एक कुलूप आपण स्वतःच्या हातानं काढून ठेवलं होतं.

सकाळी त्या सगळ्यांच्या आधी तलावावर पोचल्या. उरलेल्या शर्यती व्हायच्या होत्या, बक्षिसं दुपारी होती. पंचबाई पायऱ्यांखालच्या खोलीत निकालांवर सह्या करायला बसल्या होत्या. काकूंनी दार लावून घेतलं.

"कालची चौथ्या लेनची फुली माझी नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे मारली मीच. पण मी पाहिलं नव्हतं. भाचीकडे बघत होते. मास्तरांचं कोपर बघून मारली. आणि तुम्हाला खोटं सांगितलं."

पंचबाईंनी पेनाला टोपण लावलं. खडूस बाई, पण ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर काकूंना बरं वाटलं असतं. "पायवाल्या काकू," त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही?" आणि मग दार उघडून मास्तरांना हाक मारली.

मास्तर आत आले, ऐकून घेतलं, आणि टॉवेलांच्या ढिगावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझं कोपर?" ते म्हणाले. "मी पेन झटकत होतो, बाई. कागद ओला झालेला, पेन उमटेना. दोनदा झटकलं."

"मग फुली?" काकूंनी विचारलं.

मास्तर टोपीची कड चाचपत म्हणाले, "ती मग मारली. तुमची बघून."

बाहेर कुणीतरी पाण्यात सूर मारला.

"माझ्या चष्म्यावर पाणी उडालं होतं," मास्तर सांगू लागले, खालच्या मानेनं. "पुसेपर्यंत पोरगी गेलेली. म्हटलं, बाई काय करताहेत बघू. तुमच्या हातानं दोन रेघा ओढलेल्या स्पष्ट दिसल्या. म्हटलं, पायवाल्या काकूंनी फुली मारली म्हणजे पोरगी सुटलीच. तुमची नजर कधी चुकते का? आणि बाई, कालचं काही पहिलंच नाही. या वर्षात मला एका डोळ्यानं धूसर दिसतंय. अडलं की मी तुमच्याकडे बघतो. शपथेवर सांगतो, वाईट हेतू नव्हता. घरी बसावं लागेल म्हणून बोललो नाही कुणाला."

आता बोला! ही त्याची बघते, तो हिची बघतो. आंधळ्यानं आंधळ्याचा हात धरला आणि दोघांनी मिळून एका पोरीला खड्ड्यात ढकललं. चार डोळे ठेवले होते तिच्यावर, कडेकोट न्याय व्हावा म्हणून, आणि चारांतल्या एकानंही तिला पाहिलं नव्हतं. काकूंना काल रात्रीपासून एकच आधार होता, मास्तरांनी पाहिलंय हा. तो टॉवेलांच्या ढिगावर डोकं धरून बसला होता.

दोघांचं काय करायचं ते नंतर बघू, असं पंचबाई म्हणाल्या. निकाल मात्र त्यांनी तिथल्या तिथे फिरवला. पाहिलं नाही म्हणजे गोल. दोन्ही गोल म्हणजे उडी बरोबर. जुना तलाव तिसरा, चौथी लेन मोठ्या स्पर्धेला. पाचवी लेन घरी.

"बहिणीला मी सांगते," काकू म्हणाल्या.

बहीण गॅलरीत बसली होती, मांडीवर चिमीचा डबा. तिनं सगळं ऐकलं आणि आधी हसली, थट्टा वाटली तिला. मग डब्याचं झाकण लावायला गेली तर ते लागेना. "ताई," ती म्हणाली, "काल जेवताना सांगितलं असतंस तर पोरगी काल रडली असती. आज सगळ्यांसमोर रडणार. थोडीशी म्हणालीस ना तू? थोडीशी!" एवढं म्हणून तिनं तोंड फिरवलं.

चिमी रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "तू गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"मग आधी तरी गप्प बसायचं होतंस. फुली मारायच्या आधी." आणि टोपी खेचून कपडे बदलायच्या खोलीकडे निघून गेली. पोरीनं नेमकं बोट ठेवलं. काकूंना तिच्यामागे जायचा धीर झाला नाही.

राहिली बिट्टी. निकाल फिरल्याचं कोच बाकीच्या पोरींना सांगत होता, त्या पुन्हा ओरडत होत्या, पण बिट्टी त्यांच्यात नव्हती. ती सरावाच्या लहान तलावावर एकटी होती. ठोकळ्यावर उभी राहायची, वाकायची, हात फिरवायची, आणि नुसती थांबून राहायची. थांबून, थांबून, मग कधीतरी उडी टाकायची. अशा उडीनं कुणी शर्यत जिंकत नाही. काकू काठावर उभ्या राहून बघत राहिल्या. ठोकळ्यावरची दहाही बोटं पांढरी पडलेली.

"बिट्टी, इकडे ये."

ती पाण्यातून वर आली आणि काकूंना बघून तिचा चेहरा कसनुसा झाला. काकूंनी बोलायच्या आत तीच बोलली, "काकू, सॉरी. मला काल सांगायचं होतं. माझ्यामुळे चौघींचं गेलं. मी सगळ्यांची माफी मागितली. त्या बोलत नाहीत माझ्याशी, पण बरोबर आहे त्यांचं."

"अगं, तू कशाची माफी मागतेस! निकाल फिरला. तुम्ही तिसऱ्या आहात. जा, कोच शोधताहेत तुला."

बिट्टीला आनंद झाला नाही. ती काकूंकडे बघतच राहिली. "फिरला? कसा?"

काकूंनी सांगितलं. मान वळली ते, कोपर बघितलं ते, मास्तरांनी काय केलं ते, सगळं. काही लपवलं नाही. माफी मागितली, खाली वाकून, हात धरून मागितली. बिट्टीच्या हातातलं पाणी काकूंच्या बाहीवर ओघळत होतं.

"पण काकू," बिट्टी म्हणाली, "मी सुटले होते. आठवतंय मला. माझ्या बोटांखाली ठोकळा नव्हता आणि आमच्या तिसरीचा हात अजून पाण्यात होता."

"हे तुला कधीपासून आठवतंय?"

तिनं विचार केला. पोरगी प्रामाणिक, खरंच विचार केला. "काल उडी मारली तेव्हा नव्हतं आठवत. तेव्हा वाटलं, मस्त झाली. मग तुम्ही बाद केलंत. कोच म्हणाले, पायवाल्या काकूंनी पाहिलंय म्हणजे झालंच. मग मी घरी जाऊन विचार केला, आणि मग आठवलं." ती थांबली. "की विचार करून करून आठवलं?"

काकूंनी तिचा हात सोडला.

"म्हणजे मी सुटले होते की नव्हते?"

"नियमानं तू बरोबर आहेस, बाळा."

"नियमानं नाही, काकू. खरं. मी त्या तिघींना काय सांगू? मोठ्या स्पर्धेत ठोकळ्यावर उभी राहीन तेव्हा माझ्या पायांना काय सांगू?" तिचा आवाज चढला नव्हता. "मास्तरांना माहीत असेल?"

"नाही. त्यांनाही नाही."

"मग मी विचारू कुणाला?"

पलीकडून तिच्या मैत्रिणी हाका मारत होत्या, आता प्रेमानं. बिट्टी जागची हलली नाही. उत्तराची वाट बघत ती काकूंसमोर उभी राहिली. तिचं बरोबरच होतं. हे विचारायचं ते काकूंनाच, त्यासाठीच तर काल त्यांना तिच्या पायांपाशी उभं केलं होतं.